रताळं ताटात कुठं वाढायचं?

कोथरूडच्या एका सूनबाईंचा प्रश्न आहे. सासूबाई ६७ वर्षांच्या, मधुमेह अकरा वर्षांपासून. गोळ्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीए१सी, ७.८. दोन्ही एकादश्या, संकष्टी आणि शिवरात्र असे सगळे उपवास चालू, आणि ते सोडायची तयारी नाही. साबुदाणा बऱ्याच भांडणानंतर बंद झाला. त्याच्या जागी आता रताळी आली आहेत. एका डॉक्टरांनी सांगितलं, ‘जमिनीखालचं काहीही खायचं नाही.’ भिशीतल्या मैत्रिणीने मोबाइलवर व्हिडिओ पाठवला, त्यात रताळ्याने शुगर बरी होते म्हणून सांगितलंय. आषाढी तोंडावर आली आहे. द्यायचं की नाही, आणि द्यायचं तर कसं?

द्या. पण भाजी म्हणून नको, पोळी म्हणून द्या. बाकी जे लिहिते आहे ते या एका वाक्याचाच विस्तार आहे.

आधी ‘जमिनीखालचं नको’ याबद्दल. हा नियम मीही वाटलाय. वीसेक वर्षांपूर्वी प्रॅक्टिस सुरू केली तेव्हा पेशंटला द्यायचा एक छापील कागद होता, त्यात ‘बटाटा, रताळं, सुरण, बीट, गाजर : बंद’ असं एका ओळीत लिहिलेलं होतं. एका काकांनी तो कागद वाचून शांतपणे विचारलं, ‘मुळा जमिनीखालीच असतो ना? आणि कांदा? लसूण?’ मला उत्तर देता आलं नाही. झाडाचा भाग मातीत वाढतो की वर, याचा तुमच्या रक्तातल्या साखरेशी संबंध नाही. त्यात पिष्ट किती आहे याच्याशी आहे. मुळ्यात जवळपास नाही, गाजरात थोडं आहे, रताळ्यात भरपूर. तांदूळ आणि गहू तर जमिनीच्या चांगले वर वाढतात, त्यांना कुणी नावं ठेवत नाही.

आता आकडे. १०० ग्रॅम कच्च्या रताळ्यात सुमारे ८६ कॅलरी, २० ग्रॅम कर्बोदकं, ३ ग्रॅम तंतू आणि दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. बटाट्यात तेवढ्याच वजनाला ७७ कॅलरी. म्हणजे ‘रताळं हलकं, बटाटा जड’ हेही खरं नाही. तंतू थोडे जास्त, गोडवा बराच जास्त, एवढाच फरक. मध्यम आकाराचं १०० ग्रॅमचं रताळं म्हणजे कर्बोदकांच्या हिशोबाने साधारण एक पोळी. म्हणून ते पोळीच्या जागी वाढायचं. घोटाळा कुठे होतो सांगू का? रताळ्याचा कीस, सोबत वरीचे तांदूळ, बटाट्याची भाजी आणि वर राजगिऱ्याचा लाडू असं ताट असतं, आणि सासूबाई म्हणतात, ‘मी तर पोळी-भात काहीच खाल्लं नाही.’ त्या ताटात चार पोळ्या लपलेल्या असतात.

साबुदाणा बंद केलात ते बरं केलंत. खिचडीच्या एका डिशमध्ये ६० ग्रॅम कोरडा साबुदाणा सहज जातो, आणि तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. तंतू नाहीत, प्रथिनं नावाला. जे काही आहे ते दाण्याच्या कुटात. त्या मानाने रताळं पुष्कळ सभ्य.

पण रताळं एकच असलं तरी शिजवल्यावर ते एकच राहत नाही. माझ्याकडे शनिवार पेठेतल्या एक आजी यायच्या, शाळेच्या ऑफिसात नोकरी झालेली, त्यामुळे वही ठेवायची जन्माची सवय. शंभर पानी वही, उभ्या रेघा मारलेली, शेवटच्या रकान्याला मथळा ‘शेरा’. त्यांना मी सांगितलं, तीन एकादशांना तीन तऱ्हेने रताळं खा, दर वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर १५० ग्रॅम मोजून, आणि दोन तासांनी बोटाची तपासणी करा. पहिल्यांदा उकडून, दह्यात, दाण्याचं कूट घालून: १७२. दुसऱ्यांदा गुळाच्या पाकातल्या चकत्या: २३१. ते अपेक्षितच होतं. तिसऱ्यांदा गॅसवर जाळी ठेवून, मंद आचेवर तासभर भाजून, वर फक्त मीठ आणि तिखट: २२४. आजी त्या दिवशी रागावूनच आल्या होत्या. ‘गूळ नाही, साखर नाही, तूपसुद्धा नाही. मग ही वाढली कशी?’ शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी लाल शाईने ‘अन्याय’ असं लिहिलं होतं.

एका वहीवरून शास्त्र ठरत नाही, हे मान्य. पण ही गोष्ट मोजली गेलेली आहे. जमैकात रताळ्याच्या दहा जाती वेगवेगळ्या तऱ्हेने शिजवून त्यांचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने चढते याचा आकडा, काढला, २०११ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. उकडलेल्या रताळ्यांचा आकडा ४१ ते ५० च्या दरम्यान आला, तळलेल्यांचा ६३ ते ७७, आणि भाजलेल्यांचा ७९ पासून थेट ९४ पर्यंत. ग्लुकोज म्हणजे १०० धरलं, तर भाजलेलं रताळं त्याच्या शेजारीच बसतं.

कारण रताळ्याच्या आतच आहे. त्यात बीटा-अमायलेज नावाचं एक विकर असतं. रताळं हळूहळू तापत जातं, साधारण ६० ते ७५ अंशांच्या टप्प्यात रेंगाळतं, तेव्हा हे विकर पिष्टाचे तुकडे करून त्याची माल्टोज साखर करतं. म्हणून शेकोटीत पुरलेलं रताळं मधासारखं लागतं, सालीला चिकट पाक सुटतो. आपण वरून गूळ घातला नाही हे खरं, पण गूळ आत तयार झाला. शिवाय भाजताना पाणी उडून जातं, त्यामुळे तेवढ्याच वजनात पिष्ट जास्त येतं. आजींचा अन्याय तो हा.

तेव्हा तुमच्या घरासाठी पहिला नियम: उकडलेलं. सालासकट, अख्खं. आणि शक्य तर उकडून गार झालेलं. गार होताना काही पिष्टाची रचना बदलते आणि ते पचायला सावकाश होतं. फरक फार मोठा नाही, पण फुकटात मिळतोय तर का सोडा.

एक बाब मात्र रताळ्यापेक्षाही महत्त्वाची आहे, आणि ती प्रश्नात ओझरती आली आहे. ग्लिमेपिराइड. ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाकडून इन्शुलिन काढून घेते. संकष्टीला सकाळी गोळी घेऊन चंद्रोदयापर्यंत चहावर राहिलात तर साखर वाढणार नाही, धाडकन उतरेल. घाम, थरथर, डोळ्यांसमोर अंधारी, विनाकारण चिडचिड, आणि सगळे म्हणतात ‘उपवासाने पित्त झालं’. उपवासाच्या दिवशी ही गोळी कमी करायची, वेळ बदलायची की टाळायची, हे आषाढीच्या आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. इन्शुलिन घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय उपवास करूच नये. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनीही विचारावं. त्या गोळ्यांवर उपाशी राहणं आणि पाणी कमी पिणं दोन्ही महागात पडू शकतं. आणि मशीनवर ७० च्या खाली आकडा दिसला तर देवाची माफी नंतर मागता येते, आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. त्या क्षणाला रताळं उपयोगाचं नाही, फार हळू चढतं.

व्हिडिओत म्हणतात तसं रताळ्याने मधुमेह बरा होत नाही. मग त्याचा गुण काय? गुण आहेत, पण ते रंगावर आहेत. आपल्याकडे मंडईत मिळतं ते बहुतेक लाल सालीचं आणि आतून पांढरं किंवा फिकट पिवळसर. ‘रताळ्यात अ जीवनसत्त्व भरपूर’ हे वाक्य नारिंगी गराच्या रताळ्याचं आहे. शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व करतं ते बीटा-कॅरोटीन म्हणजेच तो नारिंगी रंग. रंग नाही तर ते नाही. १०० ग्रॅम नारिंगी रताळ्यात दिवसाच्या गरजेचा फार मोठा भाग मिळतो, पांढऱ्यात जवळपास शून्य. आफ्रिकेत लहान मुलांमधली अ जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढण्यासाठी नारिंगी रताळ्याचा प्रसार झाला आणि त्या कामाला २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने ‘भू सोना’ ही नारिंगी आणि ‘भू कृष्णा’ ही जांभळ्या गराची जात काढली आहे. पुण्यात नारिंगी रताळी अधूनमधून दिसतात. दिसली की घ्या. साल बघून फसू नका, टोकाला नखाने खरवडून आतला रंग पाहा. विक्रेता कुरकुर करतो, करू द्या. आणि नारिंगी रताळं कोरडं खाऊ नका. कॅरोटीन अंगी लागायला थोडी स्निग्धता लागते, चमचाभर तूप किंवा दाण्याचं कूट पुरतं.

पांढऱ्यालाही अगदीच वाऱ्यावर सोडू नका. तंतू आहेत, पोटॅशियम चांगलं आहे (१०० ग्रॅमला साधारण ३३७ मिलिग्रॅम), आणि पोट भरल्यासारखं वाटतं ते बराच वेळ टिकतं. उपवासाच्या दिवशी बद्धकोष्ठाची तक्रार घेऊन येणाऱ्यांची संख्या बघता हा गुण मला कमी वाटत नाही.

जाता जाता एक गंमत. उपवासाला काय चालतं याची यादी करा: बटाटा, रताळं, शेंगदाणा, हिरवी मिरची, साबुदाणा ज्यापासून होतो तो टॅपिओका. हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं, समुद्रापलीकडून आलेलं. आणि इथलं वांगं चालत नाही. यावर मी घरी वाद घालून पाहिला आहे, तुम्ही घालू नका.

खरेदीबद्दल. आषाढीच्या आधीच्या आठवड्यात मार्केट यार्डात रताळ्यांच्या गाड्या लागतात. करमाळा आणि कराड भागातली गावरान रताळी लहान, बारीक, चवीला गोड. बेळगावकडून येणारी आकाराने मोठी. मी लहान-मध्यमच घेते, मुठीत मावेल असं. ते सारखं शिजतं आणि एक रताळं म्हणजे एक वाटणी, वजनाची कटकट नाही. माती लागलेलं घ्या, धुऊन चकचकीत केलेलं लवकर खराब होतं. घट्ट हवं, टोकं सुरकुतलेली नकोत. बारीक भोकं दिसली की बाजूला ठेवा. तो सोंडकिडा असतो. किडलेल्या रताळ्याला कडू उग्र वास येतो. तेवढा भाग कापून बाकीचं वापरायचा मोह होतो, पण करू नका. किडीला तोंड देताना रताळं स्वतःच काही विषारी द्रव्यं तयार करतं, ती आजूबाजूलाही पसरलेली असतात आणि शिजवून जात नाहीत. कडू लागलं की अख्खं टाकून द्यायचं. घरी आणल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीने आतला गर कडक होतो, मग कितीही शिट्ट्या करा, मधली गाठ शिजत नाही. कांद्याच्या टोपलीशेजारी वारा लागेल असं ठेवलं की आठ-दहा दिवस छान राहतात.

आणि शेजारी गुजराती कुटुंब असेल तर नावाचा घोळ होतो. ते ‘रताळू’ म्हणतात ते आपलं जांभळं कोनफळ, उंधियोत घालतात ते. आपल्या रताळ्याला ते शक्करिया म्हणतात. एका पेशंटने शेजारणीकडून महिनाभर रताळू म्हणून कोनफळच आणून खाल्लं होतं. बिघडलं काही नाही, पण तिच्या नोंदी मला कळेनात.

आता सासूबाईंच्या ताटात जाईल असा पदार्थ, जो आजींच्या वहीत पहिल्या क्रमांकावर होता: दह्यातलं रताळं. दोन लहान रताळी खरवडून धुवायची, साल ठेवायची. कुकरच्या भांड्यात पाणी न घालता ठेवायची, खाली कुकरात पाणी, दोन शिट्ट्या. तिसरी झाली की लगदा होतो आणि मग सगळी मजा गेली. पूर्ण गार झाल्यावर साल काढून बोटभर जाडीच्या फोडी. वाटीभर घट्ट दही, फार आंबट नको, त्यात मीठ, बारीक चिरलेली हिरवी मिरची आणि दोन मोठे चमचे भाजलेल्या दाण्याचं जाडसर कूट. साखर घालायचा हात पुण्यात आपोआप उठतो, तो धरायचा, रताळं गोड असतंच. वरून चमचाभर साजूक तुपात जिरं तडतडवून फोडणी. जिरं नीट लाल होऊ द्या, कच्चं राहिलं तर दह्याला उग्र वास लागतो. तुमच्याकडे उपवासाला कोथिंबीर चालत असेल तर घाला, आमच्याकडे चालते, माझ्या माहेरी चालत नाही. सोबत खमंग काकडी सढळ हाताने वाढा, बटाटा नको. दही आणि दाणे हे इथे चवीपुरते नाहीत. प्रथिनं आणि स्निग्धता सोबत असली की साखर सावकाश चढते.

कीस करायचा तर रताळं किसल्या किसल्या पाण्यात टाका, नाहीतर काळं पडतं. घट्ट पिळून तूप-जिरं-मिरचीच्या फोडणीवर घाला, झाकण ठेवून दोन वाफा काढा, मग दाण्याचं कूट, मीठ, लिंबू. परतताना हात हलका ठेवा. सारखं ढवळलं की गोळा होतो. कीस चवीला अप्रतिम, पण एक अडचण: तीन-चार रताळी किसात कुठे गेली कळत नाही. त्यामुळे सासूबाईंसाठी वाटी ठरवून घ्या, कढईतून थेट ताटात नको.

राजगिऱ्याच्या पिठात उकडलेलं रताळं कुस्करून थालीपीठ उत्तम होतं, पाणी लागतच नाही. निम्मं निम्मं घ्या, एक थालीपीठ म्हणजे जेवण. उपवास नसलेल्या दिवशी रताळ्याच्या फोडी आमटीत किंवा पावट्याच्या उसळीत टाकून बघा, गूळ घालावा लागत नाही. मग त्या दिवशी पोळी एक कमी. सहा महिन्यांनंतर बाळाला वरचं सुरू करताना मऊ उकडलेलं रताळं तूप घालून द्यायला चांगलं. घरात नातवंड असेल तर एकाच कुकरात दोघांचं काम होतं.

कुणी जपावं? मूत्रपिंडाचा आजार असून पोटॅशियम वाढलेलं असेल तर रताळं मनाने सुरू करू नये. त्यांच्यासाठी साल काढून, फोडी करून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकायचं असतं, आणि तेही डॉक्टरांनी हो म्हटलं तर. सासूबाईंचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) वर्षभरात तपासलेलं नसेल तर आषाढीच्या आधी तपासून घ्या, अकरा वर्षांच्या मधुमेहात ते तसंही व्हायला हवं. मुतखडा ऑक्झलेटचा असेल तर रोज नको, अधूनमधून चालेल. ज्यांना गॅसचा त्रास आहे त्यांनी अर्ध्यापासून सुरुवात करावी. कच्चं कुणीच खाऊ नये.

राहिल्या गुळाच्या चकत्या. तुम्ही विचारलं नाहीत, पण सासूबाई विचारणार. तुपावर परतलेल्या, गुळाच्या पाकात मुरलेल्या, वेलची लावलेल्या चकत्या हा पदार्थ मी कुणाला विसरायला सांगत नाही, मला स्वतःला विसरता आलेला नाही. आषाढीला दोन चकत्या द्या, दह्यातलं रताळं खाऊन झाल्यावर, आणि त्या दिवशी ते रताळं एकच ठेवा. जेवण झाल्यावर पालखीची बातमी बघत बसण्याऐवजी वीस मिनिटं सोसायटीच्या आवारात चक्कर. दोन तासांनी आकडा बघा आणि वहीत लिहा. ‘चकत्या २’ हेही लिहा, कारण पुढच्या महिन्यात कुणालाच आठवणार नाही की त्या दोन होत्या की पाच.